ओटीखालचा पट्टा

आज सकाळी ह्यांनी गाडीवरची ताडपत्री काढली. तुळशीचं लग्न होऊन चार दिवस झाले. आता फोन सुरू होतील, अमक्या तारखेला गाडी मोकळी आहे का म्हणून. ताडपत्री झटकली की धुरळ्याबरोबर एक वास सुटतो. जुन्या रेक्झिनचा, पेट्रोलचा आणि गेल्या साली सुकून राहिलेल्या झेंडूचा. तो वास आला आणि मी चुलीपुढं बसले होते ती तशीच बसून राहिले. भाकरी एका अंगानं करपली.

हे म्हणजे माझे मालक. मिलिटरीत ड्रायव्हर होते. पेन्शनवर आले तेव्हा विट्याच्या एका सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्याच्या शेडमध्ये ही गाडी त्यांना दिसली. गलाईवाला तिकडं लांब मद्रासकडं दुकान सांभाळत होता आणि गाडीत कोंबड्या अंडी घालत होत्या. ह्यांनी ती कोरेगावपर्यंत ट्रॅक्टरला बांधून आणली आणि दोन वर्षं तिच्याखाली पाठीवर पडून काढली. गोल दिव्यांची, सायीच्या रंगाची, पुढं सोफ्यासारखी एकसलग सीट, गियरचा दांडा स्टेअरिंगलाच. दार लावलं की ठक्कन वाजतं, आताच्या गाड्यांसारखं पत्र्याचं वाजत नाही. लोकांना ती वरातीला पाहिजे असते. नव्या गाड्या काय, प्रत्येकाच्या दारात आहेत. ह्या गाडीतून नवरी उतरली की म्हाताऱ्यासुद्धा डोळ्यांवर हात धरून बघतात.

सीटची कव्हरं मी शिवते. शिवणकाम मला येतं, बोलणं येत नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, पण मशीनवर बसले की हात चालतात. लग्नसराई संपली की मागची गादी उचलून ओसरीवर आणायची, कव्हर उसवायचं, आणि आत बघायचं काय काय साचलंय ते. अक्षता निघतात मूठ मूठ. हळदीनं पिवळ्या झालेल्या, काही कुंकवानं लाल. एकदा एक जोडवं निघालं. एकदा एक चिठ्ठी, घडी घातलेली. मी ती वाचली नाही, पाण्यात सोडली. कुण्या पोरीची असेल. इतक्या पोरी ह्या गादीवर बसून माहेरातून गेल्या आणि मला त्यांच्या अक्षतांशिवाय काहीच ठाऊक नाही.

भीती कुठून सुरू झाली ते मला नेमकं आठवतं. सोमवार होता, कोरेगावच्या बाजाराला निघालो होतो. मी पुढं, ह्यांच्या शेजारी. ऊसतोड चालू होती, रस्त्यावर उसाच्या पात्याचा चुरा पडलेला, आणि पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गाणी लावून चाललेला. तो एकाएकी थांबला. ह्यांनी ब्रेक मारला. गाडी थांबली, मी नाही थांबले. रेक्झिनवरून मी अशी घसरले जशी पाटावरून ताटली घसरते. समोर लोखंडी पत्रा. आताच्या गाड्यांत तिथं मऊ काहीतरी असतं म्हणतात, आमच्या गाडीत नुसता पत्रा आहे, आणि त्यावर निकेलची बटणं. मी हात पुढं टाकले. कपाळ आणि पत्रा यांच्यात वीतभर अंतर राहिलं. डाव्या हातातल्या सगळ्या बांगड्या वाढल्या, मनगटातून रक्त आलं.

"लागलं न्हाई न्हवं?" हे म्हणाले.

"न्हाई."

"बगितलास ब्रेक? आजून कसा हाय, एक नंबर!"

त्यांना ब्रेकचं कौतुक होतं. मी पदराची घडी मनगटावर धरून बसले. बाजारात कासारणीनं हात धरून नव्या बांगड्या भरल्या, ती म्हणाली, "कशानं गं एवढ्या?" मी म्हणाले, पडले.

पण त्या दिवसापासून गाडी अंगणातून बाहेर पडली की मला पत्रा दिसायचा. आत बसलेली नवरी दिसायची, दोन्ही हातांत हिरवा चुडा भरलेली. तिनं हात पुढं टाकले तर काय होईल ते मी माझ्या मनगटावर बघितलेलं होतं.

त्याच सराईत आमच्या शुभांगीचं लग्न ठरलं. शुभांगी आमची एकुलती एक. नर्सिंगचं शिकली, साताऱ्यात कामाला होती. मुलगा विट्याच्या पलीकडचा, तिथंच बँकेत. पोरीचा एकच हट्ट. "मला दुसरं काय नको. मी आप्पांच्या गाडीतनं जानार." ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला घाम आला. आमच्यापासून रहिमतपूर, पुसेसावळी करत विटा, आणि त्याच्याही पुढं. हंगामाचे दिवस. सगळ्या रस्त्यानं ट्रॉल्या. मागं दिवा नसतो, उसाची टोकं बाहेर लोंबत असतात, आणि मध्येच बैलगाड्यांची रांग.

मी धीर करून बोलले. हे जेवत होते, मी भाकरी वाढताना पाठमोरी होऊन बोलले, म्हणजे तोंड बघायला नको.

"आवं, त्या गाडीला पट्टे बसवून घ्या की. नव्या गाड्यांत असत्यात तसलं."

"कसलं पट्टं?"

"सीटचं. शुभी बसणार हाय म्हणून म्हणते."

"आगं, ही गाडी निघाली तवा पट्टा ही चीजच नव्हती. हिला भोकं पाडू व्हय मी? जशी कंपनीतनं निघाली तशी हाय, एक इस्क्रू सुदा बदललेला न्हाई. बघाय येणारं लोक तेच बघत्यात."

"भोकं खाली पडतील, दिसायची न्हाईत."

"तुला कोन म्हनलं खाली पडत्यात?"

मला कोण म्हणणार? शुभांगीनं मोबाइलवर दाखवलं होतं. हे म्हणाले, "पंचवीस वर्सं मिलिटरीची गाडी चालवली, लडाखात चालवली. कुनाला खरचटलं न्हाई. तू उगंच जिवाला घोर लावून घेतीस."

घोर लावून घेते हे खरंच होतं. पण घोर लागला की माझे हात रिकामे राहत नाहीत. माळ्यावर ह्यांच्या मिलिटरीच्या पाठपिशवीचे, पिट्टूचे, पट्टे होते, जाड सुती, हिरवे, दोन बोटं रुंद. मी ते धुतले. जुन्या बॅगांची दोन बक्कलं काढली. लग्नासाठी मरून मखमलीची नवी कव्हरं शिवत होतेच, त्यातच ते पट्टे शिवले. चौकोन आणि आत फुली, अशी शिलाई, चार चार वेळा फिरवून. सुई तीन वेळा मोडली. मशीनला दम लागत होता, शेवटी दाभण घेऊन हातानं ओवलं. झाल्यावर मी पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघितला, भिंतीला पाय लावून ओढला. टाका हलला नाही. कितीतरी दिवसांनी त्या दिवशी मला भूक लागल्यासारखं वाटलं.

ह्यांनी बघितलं आणि हसले. खुशीत हसले. "वा! ह्ये ब्येस केलंस. भोक न्हाई, काय न्हाई. आता झाली न्हवं तुझी खात्री?" शेजारच्यांना बोलावून दाखवलं. शेजारची सुमनकाकू म्हणाली, "आगं बाई, आता इमानच की!" मी पदरात तोंड लपवलं, पण आत कुठंतरी बरं वाटत होतं.

त्या आठवड्यात रहिमतपूरकडची एक वरात होती. नवरीला आणायला जाताना हे मला बरोबर घेऊन गेले, तिकडं ह्यांच्या मित्राचं घर होतं म्हणून. पोरगी अगदी लहानखुरी. मुंडावळ्या तिच्या गालाला टोचत होत्या, ती सारखी सरळ करत होती. मी दारातून वाकून तिला माझा पट्टा लावला. बक्कल खट्टकन बसलं. ती ओल्या डोळ्यांनी म्हणाली, "काकू, ह्येनं काय हुतं?" मी म्हणाले, "ह्येनं भ्या ऱ्हात न्हाई." गाडी गेली. मी पहिल्यांदा पत्रा डोळ्यांपुढं न येता तिथं उभी राहिले.

भ्या ऱ्हात न्हाई, हे माझे शब्द. ते मला आजही ऐकू येतात.

मग लग्नाच्या हळदीसाठी आणि बस्त्यासाठी सांगलीला जायचं होतं. सांगलीची हळद आणि सांगलीचाच शालू, हे शुभांगीच्या आजोळपासून चालत आलेलं. ह्यांना गाडीचे ब्रेक दाखवायचे होते, सांगलीत सलीम मिस्त्री आहेत, जुन्या गाड्यांचे. पिकलेली दाढी, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. बाजार झाल्यावर मी शालूची पिशवी मांडीवर घेऊन गॅरेजच्या बाकड्यावर बसले. हे मिस्त्रींना अभिमानानं म्हणाले, "मागं बगा, मंडळीनं काय केलंय."

मिस्त्रींनी मागचं दार उघडलं. पट्टा हातात घेतला, शिलाईवरून अंगठा फिरवला. "काकी, शिलाई तुमची लय भारी. बैल बांधला तरी तुटायची न्हाई."

मग त्यांनी पट्टा धरला आणि सहज, जशी उशी उचलावी तशी, गादीच उचलून बाहेर काढली. मखमलीसकट, पट्ट्यासकट, बक्कलासकट. गादी त्यांच्या एका हातात लोंबत राहिली.

"आन गादी कशाला बांधलीया?" त्यांनी मला विचारलं. टोमणा नव्हता त्यात, खरंच विचारत होते. "ही तर नुसती खाचंत ठेवल्याली असती. गाडी थांबली की मानूस फुडं, आन त्येच्या मागनं गादी फुडं. पट्टा हाडाला पायजे काकी, कातड्याला न्हाई. गाडीच्या हाडाला."

ही गादी दरवर्षी मी स्वतःच्या हातानं उचलून ओसरीवर आणत होते. एकटी. तिला ना खिळा ना बोल्ट, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी मी तिलाच पट्टा शिवला. भिंतीला पाय लावून ओढला तो पट्टा मी शिलाईशी ओढला होता, गाडीशी नाही. माझ्या कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं. ती मुंडावळ्या सरळ करणारी पोरगी दिसली. तिला काही झालं नव्हतं, ती नांदत होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी तिला सांगितलेलं खोटं होतं, आणि ते तिला कधी कळणारही नव्हतं.

मी उठले. मिस्त्रींच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "हाडाला बसवा."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बाहेर परक्या माणसाशी बोलते हेच त्यांना नवीन होतं. त्यांच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, भोक, मूळ गाडी, असंच काहीतरी. ते त्यांनी गिळलं. "मी च्या पिऊन येतो," म्हणाले आणि गेले. ड्रिल सुरू झालं तेव्हा रस्त्यापलीकडच्या टपरीवर ते पाठ करून उभे होते. खांदे मिलिटरीसारखे ताठ.

मिस्त्रींनी चटई उचलली आणि खालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो आत गेला. पापडात बोट जावं तसा. गंज होता. "ह्यात बोल्ट टाकला तर बोल्ट पत्रा घिऊन वर यील," ते म्हणाले. सडका भाग कापला, नवा पत्रा वेल्डिंग केला, आणि खालच्या बाजूनं तळहाताएवढ्या रुंद, जाड प्लेटा लावून मग बोल्ट आवळले. मागं दोन पट्टे, कमरेचे. पुढं एक, खांद्यावरून येणारा. संध्याकाळपर्यंत मी त्या बाकड्यावर होते. जळक्या लोखंडाचा वास शालूच्या पिशवीत शिरेल म्हणून मी ती पोटाशी धरून बसले होते.

घरी आल्यावर माझे शिवलेले पट्टे मी उसवले. शिलाई निघता निघेना. 

पण घोर असा असतो की एक दार लावलं की दुसऱ्यानं येतो. नवरी जाताना तिची ओटी भरलेली असते. पदरात तांदूळ, नारळ, हळकुंडं, सुपाऱ्या, खण, आणि पदराची गाठ कमरेला खोचलेली. सासरचा उंबरा ओलांडेपर्यंत ओटी सोडायची नाही. मग पट्टा जाणार कुठून? ओटीवरून घेतला तर नारळ पोटावर येतो. गाडी थांबली तर पट्टा नारळाला दाबणार आणि नारळ पोरीला. ही गोष्ट मोबाइलवर कुठं सांगितलेली नसते. मी शुभांगीला जुन्या लुगड्यात बसवलं, खरी ओटी भरली, खरा नारळ घातला, आणि उभ्या गाडीत अंगणात तालीम केली.

"आई, आता बसू का उतरू?" ती हसत होती.

"गप बस. कंबर वर कर."

पट्टा ओटीच्या खालून, मांड्या जिथं सुरू होतात तिथून, कमरेच्या हाडांवर. आणि ओटी त्याच्या वर, मोकळी. शुभांगी एकदम गंभीर झाली. ती म्हणाली, "बरोबर हाय आई. पोटुशी बाईला बी असाच लावत्यात, पोटाच्या खालनं. आमाला शिकवलंय." मी म्हणाले, "तुझ्या वेळंला बी असाच लाव." ती लाजली. सुमनकाकू कुंपणावरून ओरडली, "आगं, नवरी हाय का गाठोडं!"

लग्न झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, ऊन उतरायच्या आधी निघायचं म्हणून गडबड चालली. शुभांगी रडून रडून लाल झाली होती. जावईबापू तिच्या शेजारी बसले. पुढं जावईबापूंच्या आत्या बसल्या, ठसठशीत बाई, नाकात नथ, तोंडाचा पट्टा मोठा. मी वाकले, शुभांगीच्या ओटीखालून पट्टा घेतला आणि खट्टकन लावला.

आत्याबाई मागं वळून म्हणाल्या, "आवं इहीणबाई, पोरगी नांदायला धाडताय का जेलात?"

सगळे हसले.

"आमच्या गावात म्हंतील, पळून जाईल म्हनून बांधून आणली! काडा त्ये. भरल्या ओटीला कुनी बांदतं व्हय?"

दोन्हीकडचे पाहुणे गाडीभोवती होते. वाजंत्रीवाले थांबले होते. मला वाटलं, काढावा. एवढी माणसं हसतात, काढावा आणि देवाचं नाव घ्यावं. माझा हात बक्कलावर गेलासुद्धा. मग डोळ्यांपुढं सलीम मिस्त्रींच्या हातात लोंबणारी गादी आली.

"ओटीला न्हाई बांधली," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "ओटी मोकळी हाय, हात लावून बगा. पोरीला बांधलीया. पट्टा लावल्याबिगर गाडी हालनार न्हाई, आत्याबाई. तुमचा बी."

जावईबापूंनी आपला पट्टा मुकाट्यानं लावला. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग नथ सावरली आणि म्हणाल्या, "लावा बया. माझ्या दंडाला वर यीना त्यो." मीच लावला. त्यांच्या पदराला अत्तराचा वास होता.

हे स्टेअरिंगवर बसले. शुभांगी रडता रडता पुढं वाकली आणि म्हणाली, "आप्पा, तुमचा?"

"माझा काय?"

"पट्टा. तुमचा पट्टा कुटं हाय?"

"आगं, मी काय नवरी हाय व्हय बांदून घ्यायला!" हे म्हणाले, आणि पुन्हा सगळे हसले. आत्याबाई सगळ्यांत मोठ्यानं. मीही हसले. आपली पोरगी नीट बसली, आपण चारचौघांत बोललो आणि धरणी फाटली नाही, ह्या आनंदात मी हसले. गाडी गेली. फुलांच्या माळा वाऱ्यावर उडत होत्या. वाटेत चार-पाच ट्रॉल्या लागतील, मी मनात म्हणत होते, लागू देत.

हे परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. शुभांगी पोहोचली, उंबऱ्यावरचं माप ओलांडलं, सगळं नीट झालं, हे फोनवर कळलंच होतं. गाडीचा आवाज आला तशी मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले. ह्यांनी इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत. दोन्ही हात स्टेअरिंगवर तसेच.

"दमला का?" मी विचारलं.

"पोरगी वाटंत एक शबुद बोलली न्हाई," ते म्हणाले. "तिकडं गेल्यावर ओवाळाय बाया जमल्या, हलगी वाजाय लागली. उतरताना तिनं माझा हात धरला. मला वाटलं आता रडंल. तर म्हनली, आप्पा, माघारी सावकास जावा. तुमास्नी पट्टा न्हाई. सासरच्या दारात उबी ऱ्हाऊन ह्ये सांगत हुती."

मी तांब्या पुढं केला. त्यांनी घेतला नाही.

"येताना एकटाच हुतो. पुसेसावळीच्या अलीकडं एक ट्रॉली आडवी आली. काय झालं न्हाई. पन ब्रेक मारला तवा छाती इस्टेरिंगवर आली." त्यांनी छातीवर हात ठेवला. "परवा सांगलीला जाऊन येतो."

तिसऱ्या दिवशी ते गेले आणि चौथा पट्टा बसवून आले. आता तो आहे. आज ताडपत्री काढली तेव्हाही त्यांनी आधी तो ओढून बघितला. ओढून बघताना त्यांचा चेहरा मी दुरून बघत होते.

एक गोष्ट मात्र मी त्यांना अजून सांगितलेली नाही, आणि ती सांगायची हिंमत नाही म्हणून इथं लिहिते. त्या दिवशी सांगलीत, हे टपरीवर पाठ करून उभे असताना, सलीम मिस्त्रींनी मला विचारलं होतं. बॉक्समधून पट्टे काढत विचारलं, "काकी, तीन टाकू का चार?" मी बोटांवर मोजलं. नवरी, नवरा, पुढं बसणारं माणूस.

"तीन बास," मी म्हणाले.